इंदूमावशीची परात

"मोज. माझ्यासमोर मोज."

इंदूमावशीकडे कुणीही दागिना धुवायला नेला की पहिलं वाक्य हेच. बस म्हणणं नाही, पाणी विचारणं नाही. आपण पुडी सोडायची, तिच्या परातीतल्या पांढऱ्या फडक्यावर दागिना ठेवायचा आणि एकेक मणी बोटानं सरकवत मोठ्यानं मोजायचा. ती डोळ्याला भिंग लावून शेजारी वाकणार आणि त्यातल्या खोडी सांगत जाणार. "ह्यो मणी चेपलाय, आधीचाच. कडी झिजलीया, आधीचीच. फिरकी ढिली हाय, आधीचीच." मालकीण 'हो, आधीचीच' म्हणेपर्यंत मावशी दागिन्याला बोट लावायची नाही. मला सुरुवातीला रागच यायचा. मी एकदा म्हटलंही, "अगं, दागिना धुवायचाय की पंचनामा करायचाय?" तर म्हणाली, "दुसऱ्याचं सोनं हातात घेतीया बाई मी. भाजी निवडत न्हाई."

आम्ही कळंबोलीत समोरासमोर राहायचो, पहिल्या मजल्यावर. लोखंडाचा बाजार हाकेच्या अंतरावर. दिवसभर ट्रेलर धडधडणार, खिडकीच्या कट्ट्यावर बोट फिरवलं की बोट काळं. तिचा नवरा त्याच बाजारात माथाडी होता. साताऱ्याकडून आला, पंधरा वर्षं पाठीवर लोखंड वाहिलं आणि एक दिवस माल उतरवतानाच गेला. पदरात मूलबाळ नव्हतं. मावशी पनवेलच्या एका सराफाकडे कामाला लागली. मागच्या खोलीत बसून दागिने धुवायचे, पुसायचे, फडक्यावर मांडायचे. सव्वीस वर्षं तिनं ते केलं. मग पेढीवर दागिने धुवायचं मशीन आलं आणि मालकानं तिला साडीचोळी देऊन घरी बसवलं.

घरी बसली ती कसली! आमच्या पाच बिल्डिंगांतलं सोनं तिच्याकडे यायला लागलं. लग्नसराईत आणि गौरी-गणपतीच्या आधी तर तिच्या दारात रांग. पैशाचं नाव काढलं तर परात उलटी घालून ठेवायची. "रिठं आन मूठभर. तेवढंच बास." रिठे आदल्या दिवशी भिजत घालणार, त्याचा फेस गाळून घेणार, लहान बाळाचा मऊ ब्रश त्यात बुडवणार. मोत्याला पाणी नाही, ओल्या मलमलीनं नुसतं टिपायचं. रेशमाच्या दोऱ्यात पटवलेलं, म्हणजे ओवलेलं असेल तर गोंडा वर धरायचा. काम झालं की परातीतलं पाणी पांढऱ्या फडक्यातून गाळायचं आणि ते फडकं मालकिणीला दाखवायचं. बेसिनमध्ये दागिना धुणाऱ्या बाईला ती येडी म्हणायची, तोंडावर.

आणि गरम पाणी? नावच नको. "उकळी चहाला," हे तिचं ठरलेलं. जुन्या बोरमाळेचे मणी पोकळ असतात, आत लाख भरलेली असते, सोनं वर कागदाएवढं. तापलं की लाख वितळून बाहेर येते आणि मणी बोटानं दाबला तरी चेपतो. हे तिनं आम्हाला इतक्यांदा सांगितलं होतं, की आम्ही ऐकायचंच बंद केलं होतं.

एकदा दोन माणसं दारोदार फिरत होती, पावडर लावून सोनं चमकवून देतो म्हणून. वरच्या मजल्यावरच्या बाईनं बांगडी काढून दिलीसुद्धा. मावशीनं जिन्यातून नुसता वास घेतला. झाडू घेऊन धावली ती अशी, की ती दोघं चपला टाकून पळाली. "मुडद्यांनो, तेजाबात बुडवून आमचं सोनं खाता व्हय रं!" त्या चपला आठवडाभर जिन्यात पडून होत्या. येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवायची, "ही बगा चोराची इस्टेट."

पण तिची खरी ओळख मला पटली ती वेगळ्याच दिवशी. लॉकडाऊनमध्ये माझ्या नवऱ्याची कंपनी बंद पडली आणि माझं मंगळसूत्र गेलं. कसं गेलं ते सांगत बसत नाही. गळ्यात एक ग्रॅमवालं आलं, सोन्याचा नुसता मुलामा. सासूबाई गावाहून, मंडणगडहून यायच्या होत्या आणि त्यांची नजर म्हणजे! काहीतरी चमक आणावी म्हणून मी मावशीकडे गेले, तर तिथं बिल्डिंगमधल्या दोघी आधीच बसलेल्या. आता परत कशी फिरू? मी पुडी सोडली, मणी मोजले.  मावशीनं भिंगातून बघितलं. सव्वीस वर्षं सोनं धुतलेली बाई, तिला कळायला काय वेळ लागणार? ती शांतपणे म्हणाली, "सुनंदा, हे लई नाजूक काम हाय. ह्याला रिठा सोसायचा न्हाई. म्या नुसतं पुसून देते." आणि माझ्या खोट्या मंगळसूत्राला तिनं मलमलीनं असं टिपलं, जसं काही मोतीच. परत देताना तसंच मोजायला लावलं. त्या दोघींना काडीचाही संशय आला नाही. मावशीनं पुढे कधी त्याबद्दल 'ब्र'सुद्धा काढला नाही.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढचं सांगताना मला माझंच तोंड बघवत नाही.

आमच्या मजल्यावर तिसरं दार वत्सलाकाकूंचं. काकू, त्यांचा मुलगा, सून अश्विनी, नात परी आणि लग्नाला आलेली लेक दीपाली. काकू मनानं वाईट नव्हत्या, पण सुनेच्या बाबतीत त्यांचा पारा कायम चढलेला. एकदा कशावरून तरी भांडण झालं आणि अश्विनीला आठ महिने माहेरी ठेवली होती. परी तेव्हा दीड वर्षाची, तिला मात्र इथंच ठेवून घेतलेली. लेकरू जिन्यात बसून रडायचं, ते आम्ही सगळ्यांनी ऐकलेलं.

दीपालीचं लग्न ठरलं. काकूंच्या आईची बोरमाळ दीपालीला घालायची होती. लग्न रविवारी. मंगळवारी दुपारी मी विरजण मागायला मावशीकडे गेले, तर अश्विनी मावशीचे पाय धरून बसलेली. परातीतल्या फडक्यावर बोरमाळ. वरून पिवळीधमक, पण मणी कसेतरीच, गालफडं बसल्यासारखे. कडांना तांबूस डिंक सुटलेला.

"कुणी उकळली?" मावशीनं विचारलं. तिचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता.

"मी. मला वाटलं, सासूबाई खूश होतील, आधीच करून ठेवलं म्हणून." अश्विनीला हुंदका आवरेना. "ग्रुपवर व्हिडिओ आला होता. सोडा घालून पाच मिनिटं उकळा म्हणून."

 बिल्डिंगच्या लेडीज ग्रुपवर तो व्हिडिओ मीच टाकला होता. खाली लिहिलंही होतं, 'मैत्रिणींनो, खूप उपयोगी.' शेवटपर्यंत बघितला तरी होता का? कुणीतरी मला पाठवला, मी पुढे ढकलला. एवढीच माझी कर्तबगारी. मी विरजणाची वाटी धरून तशीच दारात उभी राहिले. अश्विनीला ते कुणी टाकलं हे आठवत होतं की नाही, कुणास ठाऊक. ती माझं नाव घेत नव्हती. मीही घेतलं नाही.

"सासूला घिऊन ये," मावशी म्हणाली. "तिच्यासमोर मोजू. म्या समजावते तिला."

"नको मावशी! तुमच्या पाया पडते. मागच्या वेळी आठ महिने ठेवलं. आता म्हणाले आहेत, परत काही झालं तर मला कायमचीच पाठवतील आणि परी इथंच राहील. मावशी, माझी पोरगी..." तिनं मावशीच्या पायांवर डोकं टेकलं. "तुम्ही काहीतरी करा. तुम्हाला येतं सगळं."

मावशी बराच वेळ बोरमाळेकडे बघत बसली. मग तिनं मालकिणीशिवाय, न मोजता, एकही खोड 'आधीची' म्हणून न वदवता ती बोरमाळ उचलली. मी पहिल्यांदाच तसं होताना बघत होते. अश्विनीला म्हणाली, "जा. डोळं पुस. सासूला सांग, धुवायला दिलीया."

बुधवारी सकाळी मी शाळेत रजा टाकली आणि स्कूटीवर मावशीला घेऊन निघाले. मी तिथल्या ऑफिसात क्लार्क आहे, आणि रजा टाकताना कारण 'नातेवाईक आजारी' असं लिहिलं. पनवेलला तिच्या जुन्या पेढीत गेलो. ओळखीचे कारागीर कधीच गेले होते. काउंटरवरचा नवा पोरगा म्हणाला, "आजी, लाखेचं काम आता कोण करतं? मोडा आणि नवीन घ्या." दुसरीकडे गेलो, तिसरीकडे गेलो. तेच उत्तर. तिसऱ्या दुकानातून बाहेर येताना मावशीची चप्पल तुटली. तिनं ती हातात घेतली आणि अनवाणी चालायला लागली. मी म्हटलं, "थांब, नवी घेऊ." "येळ न्हाई सुनंदा," म्हणाली. "रविवार कवा येतोय बघ की."

शेवटी कुणीतरी सांगितलं, लाख भरणारे बापू करंजाड्याला मुलाकडे असतात. नव्या टॉवरमध्ये चौथ्या मजल्यावर ते गॅलरीत बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मावशीनं बोरमाळ त्यांच्या तळव्यावर ठेवली. त्यांनी बघितलंच नाही, नुसती हातानं तोलली.

"इंदू, कुणी उकळली गं ही?"

"ते नका विचारू बापू. लाख भरा आणि मणी उठवा. रविवारी पोरीचं लगीन हाय."

बापू म्हणाले, एकेक मणी उघडायचा, आतून पोचा काढायचा, लाख भरायची, परत बंद करायचा. तरण्या डोळ्यांना आठ दिवसांचं काम. मग त्यांनी आपला उजवा हात पुढे धरला. तो लटलट कापत होता. "ह्या हातानं केलं तर उरलंय तेही फुटेल. मालकिणीला खरं सांगून टाक, इंदू."

"तेच तर येत न्हाई सांगता," मावशी म्हणाली.

परतताना कळंबोली सर्कलला तिनं स्कूटी थांबवायला लावली. दोन्ही बाजूंनी ट्रेलर चाललेले, आणि ही दुभाजकाच्या कठड्यावर जाऊन बसली. बोरमाळेची पुडी छातीशी धरलेली. "सुनंदा, सव्वीस वर्षांत माझ्या हातातनं गुंजभर गेलं न्हाई गं. मालक पेढी माझ्यावर टाकून जेवायला जायचा. आता काय तोंड दाखवू?" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती, कारण दोन्ही हात पुडीवर होते. मला ओरडून सांगावंसं वाटलं, मावशी, तो व्हिडिओ माझा!  तेवढ्यात एक ट्रेलर कर्कश हॉर्न मारत गेला आणि मी म्हटलं, "चल, इथं बसू नको, धूळ आहे."

गुरुवारी तिनं स्वतःच करून बघितलं. कासाराकडून लाखेची कांडी आणली, मेणबत्ती लावली. तीन मणी भरले. मला हाक मारून दाखवले, तोंडावर जरा तजेला आला होता. चौथा मणी तिच्या बोटांत चिरला. किती छोटा आवाज असतो तो! मावशीनं मेणबत्ती विझवली. उरलेली बोरमाळ रिठ्याच्या पाण्यात धुतली, मलमलीनं टिपली, पाणी फडक्यातून गाळलं. फडकं कुणाला दाखवायचं? ते तिनं मलाच दाखवलं. संध्याकाळी अश्विनी येऊन बोरमाळ घेऊन गेली. 

शनिवारी काकू बोरमाळेला नवा गोंडा लावायला सराफाकडे गेल्या आणि दुपारी जिन्यातूनच ओरडत वर आल्या.

"इंदूबाई! बाहेर या आधी!"

सगळी दारं उघडली. लग्नघर, पाहुणेरावळे, जिना भरून माणसं. मी कणीक मळत होते, तशीच दारात आले.

"सराफ म्हणतो, लाख नाही आत. मणी चेपलेत, एक चिरलाय. वजन केवढं कमी! माझ्या आईची वस्तू होती ती. काय केलंत? उकळलीत? की खरवडलीत? लाख काढली की सोनं काढलं, देव जाणे!"

मावशी उंबऱ्यात उभी. पदर खोचलेला, हात ओले. 

काकू सुनेकडे वळल्या. "अश्विनी, तू दिलीस ना? देताना कशी होती?"

अश्विनीच्या कडेवर परी होती. तिनं परीला आणखी घट्ट धरलं. मी बघत होते. 

"चांगली होती," ती म्हणाली.

मावशीनं तिच्याकडे बघितलं. मग एकदा, एकदाच, माझ्याकडे बघितलं. मागणं नव्हतं त्या नजरेत, नुसतं बघणं होतं. बिल्डिंगमध्ये खरं माहीत असलेलं तिसरं माणूस मीच होते. आणि मी काय केलं? मी माझ्या हाताला लागलेल्या कणकेकडे बघितलं.

"व्हय," मावशी म्हणाली. "देताना चांगली हुती."

ती आत गेली. आतून पाटल्या घेऊन आली. सव्वीस वर्षांत स्वतःसाठी तिनं तेवढंच एक केलं होतं. गौरीला आणि कुणाच्या लग्नाला घालायची, परत धुऊन डब्यात ठेवायची. "ह्या घे वत्सला. मोडून पोरीला नवी कर. पोरीच्या लग्नात शिमगा नको." काकू क्षणभर गोंधळल्या. मग त्यांनी पाटल्या घेतल्या.

आणि तिथंच मावशी संपली. संध्याकाळपर्यंत पाचही बिल्डिंगांत एकच चर्चा. "खाल्लं नसतं तर पाटल्या काढून दिल्या असत्या का?" झाडू घेऊन तिनं चोर पळवले होते ते जिच्या घरून, ती वरची बाईसुद्धा म्हणाली, "बाई गं, माझ्या बांगडीचं वजन करून घ्यायला हवं." एकाही बाईला आठवलं नाही, की ही माणसाला आधी मोजायला लावायची. मोजायला लावायची ती कुणासाठी, हे तरी डोक्यात यावं!

मी ग्रुपवर चार वेळा टाइप केलं आणि चार वेळा पुसलं. अश्विनीचा संसार मोडेल म्हणून गप्प राहिले, असं मी स्वतःला सांगत होते. खोटं. अश्विनीचं नाव न घेताही मला म्हणता आलं असतं, की मावशीच्या हातात येण्याआधीच बोरमाळ बिघडली होती. पण मग व्हिडिओ कुणाचा, हे निघालं असतं. मला माझी अब्रू सांभाळायची होती. माझं खोटं मंगळसूत्र ज्या बाईनं मोत्यासारखं पुसलं, तिच्यासाठी माझ्या तोंडातून एक वाक्य निघालं नाही.

त्यानंतर तिच्याकडे कुणी आलं नाही. ती मात्र रिठे भिजत घालायची. दारासमोरून जाताना आंबलेल्या रिठ्यांचा वास यायचा. परात दाराशी, त्यात धुतलेलं पांढरं फडकं. मी चपला न वाजवता जिना उतरायला शिकले. गौरी आल्या, बायका सोन्याच्या पुड्या पदराखाली लपवून मशीनवाल्या दुकानात जायला लागल्या. गौरी गेल्यावर मावशीचा पुतण्या टेम्पो घेऊन आला आणि तिला नावड्याला घेऊन गेला. ती गेली त्या दिवशी अश्विनी दाराला आतून कडी लावून बसली होती.

नावड्याला मी गेले ते सहा-सात महिन्यांनी. कॉलनीच्या मागे पत्र्याची खोली, तळोज्याच्या कारखान्यांचा वास. मावशी खाटेवर बसली होती, अर्धी झालेली. मला बघून "ये" म्हणाली. मी धीर करून पर्समधून ठुशी काढली. माझ्या लग्नातली, आईनं दिलेली, तेवढी एक खरी राहिलेली. "मावशी, धुवायची होती."

तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"तूच धू. म्या सांगते."

मी परात शोधली. फडकं घातलं, पाणी घेतलं. ती खाटेवरून सांगत होती. "बोट घालून बघ. कोमट हाय न्हवं? गोंडा वर धर. घासू नको, नुसता ब्रश फिरव." तिचे हात पदराखाली हलताना दिसत होते, ब्रश फिरवल्यासारखे.

"मावशी," मी म्हटलं, "तो व्हिडिओ ग्रुपवर मी टाकला होता."



"मागच्या बाजूनं फिरव," म्हणाली. मग म्हणाली, "अश्विनीची पोरगी शाळंत जाती का गं?"

"जाते. आईच सोडायला जाते."

"मग झालं तर."

"काय झालं?" मी ओरडले. "काही झालं नाही मावशी! तुझं काय राहिलं? मी सगळ्यांना सांगते. आत्ता ग्रुपवर लिहिते, तुझ्यासमोर!"

"आणि त्या पोरीचं काय हुईल?" तिनं विचारलं. आवाज चढवला नाही. "पाणी गाळ आता. नीट गाळ."

मी पाणी गाळलं. फडकं तिला दाखवलं. ठुशी टिपली, सुकवली. पुडी बांधणार, तेवढ्यात ती म्हणाली, "मोज. माझ्यासमोर मोज."

मी मोजायला लागले. रडत रडत मोजत होते, दोनदा चुकले, तिनं दोन्ही वेळा पहिल्यापासून मोजायला लावलं. मोजून झालं तशी ती खाटेचा आधार घेऊन उठली.  तिनं दोन्ही हात माझ्यापुढे पसरले, तळवे दाखवले, उलटे करून दाखवले. मग पदर पुढे घेतला, दोन्ही टोकांना धरून माझ्यासमोर झटकला.

"मावशी, काय करतेस हे? मी काही म्हटलं का तुला?"

"बघितलंस न्हवं?" ती म्हणाली. "काय न्हाई न्हवं त्यात?"

मी 'बघितलं, काही नाही' म्हणेपर्यंत तिनं पदर खाली सोडला नाही.